पक्क्या वहीतली पत्रं

मुलगी जहाजावर नोकरीला गेली, तेव्हा तिच्याशी संपर्क कसा ठेवायचा याची पद्धत मीच घालून दिली. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या माणसाला पद्धत घालून दिल्याशिवाय चैन पडत नाही. निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकघरातल्या बरण्यांनाही अनुक्रमांक दिले होते. बायकोने दुसऱ्याच दिवशी ते ओल्या फडक्याने पुसून काढले.

जहाज म्हणजे हौशी प्रवाशांना घेऊन समुद्रात हिंडणारं बारा मजली हॉटेल. वर पोहण्याचे तलाव, नाटकाचं थिएटर, रात्रंदिवस चालणारी जेवणं. मुलगी त्याच्या अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीखालच्या लाँड्रीत. हजारो चादरी, टॉवेल आणि टेबलांवरची कापडं धुवायची, वाळवायची, इस्त्रीच्या लांबलचक रुळातून काढायची. तिथे खिडकी नाही. एकदा ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, समुद्र तुम्ही टीव्हीवर बघता ना, मी त्याच्यापेक्षाही कमी बघते."

जावई दोन वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटून मोकळे झाले. मुलीने कुणापाशी रडगाणं गायलं नाही. नऊ महिन्यांच्या करारावर सही केली आणि आठ वर्षांच्या लेकीला आमच्याकडे ठेवून गेली. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती.

जहाजावरचं इंटरनेट म्हणजे नळाला करंगळीएवढी धार. दोन ओळींचा मेसेज कसाबसा जातो. फोटो, आवाज, चेहरा काही जात नाही. जहाज बंदराला लागलं की कामगारांना पाळीप्रमाणे दोनेक तास मोकळे मिळतात. मग बंदराच्या इमारतीत, जिथे वायफाय येतं, तिथे भिंतीला पाठ लावून नाना देशांची माणसं आपापल्या घरच्यांशी आपापल्या भाषेत बोलत असतात. पण बंदर लागतं तेव्हा मुलीला सुट्टी असेलच असं नाही, आणि सुट्टी असते तेव्हा आमची भिंगरी शाळेत. म्हणून मी ठरवलं, की भिंगरीने दर रविवारी आईला कागदावर पत्र लिहायचं. मी त्याचा फोटो पाठवायचा. बंदर आलं की तो मोबाइलवर उतरेल, आणि मग ती आपल्या अरुंद पलंगावर आडवी होऊन हवा तेव्हा, हवा तितक्यांदा वाचेल.

पद्धत चांगली होती. आजही मी तेच म्हणेन. मी भिंतीवर जहाजाचा तक्ता लावला, समुद्रातले दिवस निळे, बंदराचे दिवस हिरवे. पुठ्ठ्याची दोन घड्याळं केली, एक आपलं, एक जहाजाचं. जहाज पुढे सरकलं की त्याची वेळ बदलते, तसा भिंगरी त्या घड्याळाचा काटा फिरवायची आणि सांगायची, "आजोबा, आई आत्ता झोपलीय. हळू बोला." सूर्य, पृथ्वी, रेखांश, सगळं ती या घड्याळावर शिकली. कुठल्याही पुस्तकातून मी तिला हे इतकं चांगलं शिकवू शकलो नसतो.

चुकलं ते पुढे.

पत्र आधी कच्च्या वहीत लिहायचं. ते मी तपासायचं. मग पक्क्या वहीत, समास आखून, सुवाच्य अक्षरात उतरवायचं. फोटो पक्क्याचा. शाळेत आम्ही निबंध असेच लिहून घ्यायचो. भिंगरी लिहिताना वहीभोवती हात वेढून बसायची, वर्गातली मुलं शेजाऱ्याला दिसू नये म्हणून बसतात तशी. मी म्हणायचो, "कोपर काढ." छत्तीस वर्षांत हे दोन शब्द मी किती वेळा म्हटले असतील, त्याची मोजदाद नाही.

आणि मी तपासायचो. मला वाटायचं, समुद्रावरच्या माणसाला काळजीचं काही कळवू नये. ती तिथून काय करणार? बारा तास उभी राहून काम करते, त्यात हे कशाला? म्हणून जे वाचून तिचा जीव वरखाली होईल, ते मी लाल पेनाने खोडायचो. रागावून नाही हां. मी मुलांवर कधी रागावलेलो नाही. शेजारी बसवून समजवायचो, "हे बघ, हे वाचून आईला कसं वाटेल?" भिंगरी मान डोलवायची.

बायको कपडे घड्या करता करता एकदा म्हणाली, "अहो, ते पत्र आहे. तुमची घटक चाचणी नाही."

"सवय लागली की पुढे उपयोगी पडते," मी म्हणालो.

"हो तर. लग्नाआधी मी तुम्हाला पाठवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा तुम्ही गुण देऊन परत पाठवल्या असत्यात, जर माझा बाप मध्ये नसता तर."

मी हसण्यावारी नेलं. आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. पहिल्या महिन्यात पान लालभडक व्हायचं. तिसऱ्या महिन्यात दोन-तीन रेघा. पाचव्या महिन्यानंतर तर लाल पेन लागेनासंच झालं. भिंगरी शहाण्यासारखी बसायची, वीस मिनिटांत पत्र लिहून द्यायची. 'मी मजेत आहे. अभ्यास चालू आहे. आजी-आजोबा ठीक आहेत. तू काळजी करू नकोस.' मी शेजारणीला सांगितलं, "बघा, पोरगी कशी तयार झाली!" पोरगी आता एका जागी बसते, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याचं मला कौतुकच वाटलं.

मुलीची उत्तरंही मीच वाचून दाखवायचो, रविवारी, चष्मा लावून. सुरुवातीला ती लांब असायची. मग तीही आखूड झाली. आज जेवणात काय होतं, हवा कशी आहे, छान लिहितेस, शाब्बास.

आठवा महिना लागला होता, तेव्हा एका बुधवारी दुपारी फोन वाजला. बंदराचा दिवस होता, शाळेला सुट्टी होती, योग जुळून आला होता. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. पडद्यावर मुलगी दिसली, केस घट्ट बांधलेले, मागे पांढरी भिंत आणि कुणाचा तरी मोठमोठ्याने हसण्याचा आवाज.

"बाबा, एक विचारायचं होतं." ती घाईत होती. "मला पाळीप्रमुख करताहेत. पण मग सुट्टीवर घरी यायचं नाही. इथून सरळ दुसऱ्या जहाजावर, आणखी सहा महिने. फॉर्म दिलाय हातात. शुक्रवारी पुढच्या बंदरात ऑफिसात परत करायचा."

बायको ओट्याकडून पुढे आली. "अगं, सात आठवड्यांनी येणार होतीस ना?"

"येणारच होते, आई. रोज तेच डोक्यात घोळवत होते. पण मग मी सगळी पत्रं परत काढून वाचली." ती हसली, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. "ती रमलीय. किती शहाणी झालीय! सुरुवातीला दोन ओळींत तरी मी असायचे. आता 'तू काळजी करू नकोस' एवढीच मी उरलेय. मग म्हटलं, तिला चालतंय तर मी उगाच..." मागे कुणीतरी हाक मारली. "कुठाय ती? भिंगरी?"

भिंगरी माझ्या खुर्चीला चिकटून उभी होती. तिने आधी पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर देण्याआधी मुलं बघतात तसं. मग सरळ उभी राहून म्हणाली, "मी मजेत आहे, आई. अभ्यास चालू आहे. तू काळजी करू नकोस."

"शाब्बास गं माझी बाय," मुलगी म्हणाली. "चला, पाळी सुरू होतेय. शुक्रवारी करते फोन." पडदा काळा झाला.

भिंगरी आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आणि पुन्हा बंद झाल्याचा आवाज आला. मी बायकोकडे पाहिलं.

"आईच्या कपाटात बसते ती," बायको म्हणाली. "रोज बसते. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कुणी सांगितलं?"

"तिने सांगितलं होतं की. तुमच्या त्या कच्च्या वहीत. मी खण आवरताना वाचलं होतं." ती हात पुसत म्हणाली, "तुम्ही तपासलंत हो. वाचलं नाहीत."

मी टेबलाच्या खणातून कच्च्या वह्या काढल्या. तीन होत्या. खिडकीशी बसलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. या वेळी हातात पेन नव्हतं.

'आई मी हे पत्र तुझ्या कपाटात बसून लिहिलं मग बाहेर येऊन पुन्हा लिहिलं. कपाटात तुझा वास येतो. पण आता कमी येतो.' त्यावर लाल रेघ, आणि समासात माझ्या वळणदार अक्षरात: 'विषयाला सोडून.'

'माझे दोन दात पडले. तू आलीस की मला ओळखशील ना?' दातांचं वाक्य मी ठेवलं होतं. दुसरं खोडलं होतं. पक्क्या वहीत होतं, 'माझे दोन दात पडले व नवे येत आहेत.'

'बाई म्हणाल्या आईची सही आण. मी आजोबांची आणली. एक मुलगी म्हणाली तुला आई नाहीच. मी तिला ढकललं.' या पूर्ण परिच्छेदावर मी फुली मारली होती. फुली अगदी व्यवस्थित, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

चौथ्या महिन्यात: 'आई आता आलीस की परत जाऊ नकोस. प्लीज. प्लीज. प्लीज.' आणि समासात: 'हट्ट नको. एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहू नये.'

त्यानंतर ती असं काही लिहीनाशी झाली होती. वहीची पुढची पानं स्वच्छ होती. ज्या स्वच्छ पानांचं मी शेजारणीला कौतुक सांगितलं होतं, ती.

कानाच्या पाळ्या तापल्या. घरात मला बघणारं कुणी नव्हतं, बायको पाठमोरी होती, तरी मी वही मिटून मांडीखाली सरकवली. लहानपणी दुसऱ्याची पाटी फोडली होती तेव्हा अशीच तुकडे दडवायची धडपड केली होती. आज पंचाहत्तरी जवळ आली आणि दडवायला पुन्हा तशीच जागा शोधत होतो.

पण शुक्रवार दोन दिवसांवर होता. मी मेसेज लिहायला घेतला. पहिला मसुदा: 'भिंगरीच्या पत्रांतील काही मजकूर, तुझ्या मनःस्वास्थ्याचा विचार करून, वेळोवेळी संक्षिप्त करण्यात आला होता.' बायकोने खांद्यावरून वाचलं.

"हे काय, शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवताय?"

दुसऱ्या मसुद्यात मी लिहिलं, की लहान मुलं कधी कधी भावनेच्या भरात लिहितात. तिसऱ्यात कळवलं, की माझा हेतू चांगला होता. चौथ्यात हेतू दोनदा आला. प्रत्येक मसुद्यात मी थोडा अधिकच चांगला माणूस होत होतो. शेवटी सगळं पुसलं आणि एवढंच पाठवलं: 'फॉर्म देऊ नकोस. शुक्रवारी आधी फोटो बघ. बाबा.' संध्याकाळी तिचं उत्तर आलं: 'बरं.'

आता फोटो. मी भिंगरीला हाक मारली. ती कपाटातून बाहेर आली, गालावर लोकरीच्या कपड्याचे वळ उमटलेले.

"ये, बस," मी म्हणालो. "तुझी ही जुनी वाक्यं आईला पाठवायची. आपण ती पक्क्या वहीत नीट उतरवून काढू."

हे मी बोललो. सगळं वाचून, कान तापवून घेतल्यानंतरही बोललो. भिंगरीने मान डोलवली. खाली बसली, पट्टी घेतली आणि कोऱ्या पानावर समास आखायला लागली. जीभ दातांत धरून, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून श्वास रोखून. आईला 'मला ओळखशील ना' असं विचारण्याआधी पोर समास आखत होती.

मी पट्टी तिच्या हातातून काढून घेतली.

"चुकला का?" तिने लगेच विचारलं.

"नाही गं. तुझं काही चुकलेलं नाही. नको उतरवून काढायला. कच्च्या वहीचेच फोटो पाठवू. तुला चालेल?"

ती वहीकडे बघत राहिली. "पण मग आईला तुमचं लाल दिसेल."

"दिसू दे."

"सगळं?"

"सगळं."

"आई तुम्हाला रागावेल," ती हळूच म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताने मला जे झालं ते मुलीच्या रागानेही झालं नसतं.

अकरा पानं निघाली. ती एकेक पान धरायची, मी फोटो काढायचो. चार हलले म्हणून पुन्हा काढावे लागले. 'हट्ट नको'च्या पानाशी माझं बोट थांबलं. सरळ सांगतो, अंगठा समासावर ठेवला तर ते शब्द झाकले जातील असा विचार माझ्या मनात आला होता. मग अंगठा बाजूला घेतला. फोटो गेले. गेल्याची एक खूण उमटली. पोचल्याची दुसरी उमटायला बंदर यावं लागणार होतं.

गुरुवार कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. शुक्रवारी सकाळी बायकोने भिंगरीला शाळेत पाठवलं नाही. "पोटात दुखतंय असं लिहू का बाईंना?" मी विचारलं. "खरं लिहा की," ती म्हणाली. "आईचा फोन यायचाय म्हणून. होऊ द्या सवय." मी खरं लिहिलं.

साडेदहाला मोबाइलवर अकराही फोटोंपुढे दुसरी खूण आली. फोन मात्र अकरा वाजून गेले तरी आला नाही. आला तेव्हा मुलगी एका बाकावर एकटी बसली होती. मागे, खूप मागे, एक निळी पट्टी होती. बहुधा समुद्र. तिने मोबाइल फार जवळ धरला होता.

"बाबा," ती म्हणाली. "ते कपाटाचं. ते कधीचं?"

"तू गेल्यावर दुसऱ्या महिन्यातलं."

"दुसऱ्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही शेजारी लिहिलंत, 'विषयाला सोडून'."

"हो."

"कुठला विषय होता, बाबा?"

छत्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की येत नसेल तर 'येत नाही' म्हणावं, त्यात लाज नाही. मला तेही म्हणता आलं नाही.

"माझी पत्रं तुम्हीच वाचून दाखवता ना तिला?" तिने विचारलं.

"हो. रविवारी."

"म्हणून मी जेवणात काय होतं ते लिहायचे." ती रागावलेली नव्हती, तेच कठीण होतं. थकलेल्या आवाजात, एखाद्या सहकाऱ्याला काम समजवावं तशी बोलत होती. "लिहिताना वाटायचं, हे बाबा वाचणार. मग खोडायचे. इथे लाल पेन नाही, पण खोडायचे. लहानपणीही तसंच करायचे मी. तुम्हाला वाटायचं मला निबंध चांगला जमतो."

"माझं चुकलं," मी म्हणालो. साधे दोनच शब्द, पण मला ते जड गेले. "फार चुकलं गं."

ती 'असू दे' म्हणाली नाही. मी मनातून त्याचीच वाट बघत होतो, हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचीही लाज वाटली.

"आपण आल्यावर बोलू," ती शेवटी म्हणाली. "आत्ता फोन भिंगरीकडे द्या. आणि बाबा, तुम्ही जरा बाहेर जाता का? आईलाही घेऊन जा."

मी फोन भिंगरीच्या हातात दिला आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसलो. मागोमाग बायको आली, शेजारी टेकली.

"मेलं तुमच्यामुळे मलाही वर्गाबाहेर काढलं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पाय लांब करा. मुंग्या येतील."

दाराआडून भिंगरीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी अगदी बारीक, थांबत थांबत. मग एकदम भराभर, एकात एक अडकलेला, ना पूर्णविराम ना परिच्छेद. मध्येच रडणं. मध्येच दोघींचं हसणं. खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलांचा, आतल्या खोलीतून बाहेर आणि बाहेरून आत. ती फोन घेऊन घरभर फिरत होती. कपाटाचं दार वाजलं. बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी जिन्याच्या कठड्याचे गज मोजत बसलो.

अर्ध्या तासाने दार उघडलं. भिंगरी लालबुंद होऊन उभी होती.

"आई सात आठवड्यांनी येणार," तिने धापा टाकत सांगितलं. "तिने फॉर्मवर 'नाही' लिहिलं. मला दाखवून लिहिलं. आणि..."

ती थांबली. माझ्याकडे पाहायला लागली, वर्गात बघतात तसं. 'आणि काय?' हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. बायकोने मला कोपरखळी मारली. तिची गरज नव्हती. मी गप्पच बसणार होतो.

"आणि बाकीचं आमचं आहे," भिंगरी म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली अंगणात पळाली.

मुलीने फोन बंद केला होता. 'आल्यावर बोलू' एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं, आणि ते बोलणं अजून व्हायचं आहे. तक्त्यावर मी पुढचे दिवस मोजतो, तेव्हा नातीसारखा आनंदाने मोजत नाही. तिच्यापुढे काय म्हणायचं, याचे मसुदे मनात करतो आणि मोडतो.

रविवारी भिंगरी नेहमीच्या वेळेला टेबलाशी आली. कच्ची वही उघडली. पक्की मी आधीच कपाटावर टाकली होती. ती लिहायला बसली, आणि दोन ओळी झाल्यावर तिने डावा हात वहीभोवती वेढला, डोकं खाली घातलं, आणि कोपराने पान पार झाकून टाकलं. मग तशीच थांबली. मी ते दोन शब्द म्हणेन म्हणून.

मी खुर्ची उचलली, आवाज होऊ नये म्हणून अलगद, आणि खिडकीकडे तोंड करून बसलो. मागे पेन्सिल पुन्हा चालायला लागेपर्यंत बराच वेळ गेला.

"आजोबा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "फोटो मी काढू का?"

"काढ," मी बाहेर बघत म्हणालो. "कसा काढायचा ते येतं ना?"

"येतं."

मी शिकवलं नव्हतं.